कपितान नसलेला भाग

मारिकिना
४ ऑगस्ट १९९७

मानांग पर्लिता,

आधी शेवटपर्यंत वाच, मग फाडायचं तर फाड.

गुलाबी कागद बघून दचकू नकोस. शूटिंगच्या दिवशी दुरुस्तीची पानं म्हणून वाटायचे, तेच हे कागद. आमच्या मोयने घरी आणलेले गठ्ठे अजून कपाटावर आहेत आणि त्यांची मागची बाजू कोरी आहे. कोरी बाजू घरात असताना नवं पॅड विकत आणणं माझ्याच्यानं होत नाही, हे तुला माहीत आहे. छापलेल्या बाजूवर काय आहे ते तू वाचलंस तर माझी हरकत नाही, एवढंच.

कुया कालोय गेला. आपल्या 'कपितानचा नाका' मालिकेतला न्हावी. झोपेत गेला, देवाने त्याला त्रास दिला नाही. मुलीच्या घरी पेटी ठेवली होती. पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात कुणीतरी कंगवा खोचून ठेवला होता, आणि तो तसाच राहू द्या असं फादरनीही सांगितलं. दफनाच्या आदल्या दुपारी जुनी मंडळी जमली. बोबेट साल्वासिओन आला नाही, त्याने आपल्या नावाची पट्टी लावून मोठं पुष्पचक्र पाठवलं. आता तो निवडणुकीला उभा राहतोय म्हणे. टीव्हीवर वस्तीचा कपितान होता, आता त्याला खरोखरचा काहीतरी व्हायचंय.

तर कालोयच्या बायकोने पेटीच्या पायाशी एक बाड आणून ठेवलं. म्हणाली, "हे माझ्या नवऱ्याने लिहिलेलं. कुणाला सांगू नको म्हणाला होता. आता तो काय रागावणार?" बघतो तर पूर्ण एक भाग! न्हाव्याच्या दुकानात सौंदर्यस्पर्धा. मग मासेवाली झालेली इम्पिंग लाजत म्हणाली, "मी पण लिहिला होता." मग दुसरा, मग तिसरा. त्या वर्षी बोबेट सुट्टीवर जाणार होता आणि दिग्दर्शक सगळ्यांना म्हणाला होता ना, मधल्या आठवड्यांसाठी तुम्हीच काहीतरी लिहून आणा. प्रत्येकाला वाटत होतं, आपल्या एकट्यालाच सांगितलंय.

आणि गंमत ऐक. प्रत्येक भागाची सुरुवात एकच! कपितान नाही. कालोयच्या भागात कपितानचा दात सुजलाय. इम्पिंगच्या भागात तो मिंदोरोच्या बोटीत अडकलाय. एकात तो कुणाच्या तरी लग्नात शिळा खेकडा खाऊन पडलाय, एकात त्याच्यावर म्हैस बसलीय. म्हैस! इम्पिंग म्हणाली, "देवा रे, एका माणसाला एका आठवड्यात किती झालं हे! आणि आपण सगळे त्याच्याशी रोज 'सर, सर' करत होतो." पेटीसमोर सगळे इतके हसले की बाहेर पत्ते खेळणारी माणसं धावत आली, त्यांना वाटलं कालोय उठला.

मोय हसता हसता खोकला, आणि बराच वेळ खोकला.

मग तोच म्हणाला, "आपण हे वाचूया. कॅमेरा नको, बोबेट नको. माझ्या अंगणात खुर्च्या टाकू. ज्याचा भाग त्याचा रविवार." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिला भाग मोयचा ठरला, 'तानोदच्या घरी चोरी'. मोय तानोद, म्हणजे रात्री वस्ती राखणारा, आणि त्याच्याच घरातून त्याचा झुंजीचा कोंबडा चोरीला गेलेला. इम्पिंगने विचारलं, "आणि तुझी बायको ओसांग कोण करणार?"

सगळे कालोयकडे बघायला लागले, जणू तोच सांगेल.

म्हणून मी लिहितेय. ओसांग तू होतीस. दुसरी कुणी नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ये. बोटीच्या तिकिटाचे पैसे पुढच्या पत्रात घालीन, आधी 'हो' म्हण.

आमची लुस, तुझी धर्मकन्या, हाँगकाँगला आहे, बरी आहे. दर ख्रिसमसला विचारते, "निनांग पर्लिता कुठे आहेत?" मी सांगते, इलोइलोला, समुद्राकाठी, मजेत.

तुझी,
सिओनी दाकानाय


मारिकिना
२५ ऑगस्ट

मानांग पर्लिता,

उत्तर आलं नाही. पोस्टमन आता मला लांबूनच मान हलवून दाखवतो, सायकलवरून उतरतही नाही. मी फाटक झाडायचं निमित्त करून उभी राहते. आमचं फाटक इतकं स्वच्छ कधी नव्हतं.

माझं मन कशातच लागत नाही. जपमाळ घेऊन बसले तर मध्येच आठवतं, खुर्च्या चर्चच्या आणायच्या की शाळेच्या. हिशेबाच्या वहीत परवा 'साबण' लिहायच्या जागी 'ओसांग' लिहिलं. खोडलं, पण पेनाचं आहे, दिसतंच.

मोय बरा आहे. सध्या तो फारसा बोलत नाही. त्याने मौनव्रताची नोवेना घेतली आहे, देसाम्पारादोसच्या मातेसमोर. पुरुषमाणूस नोवेना घेतोय म्हणून वस्तीत कौतुक आहे. बुटांच्या कारखान्यातही त्याने सुट्टी घेतली, तळवे चिकटवायच्या गोंदाचा वास त्याला सहन होत नाही आताशा. मी त्याला मऊ भात करून घालते, आल्याचा. त्याला बांगडा हवा असतो, पण काटा नको.

परवा हॉस्पिटलच्या रांगेत माझी सगळी माळ पुरी झाली, एवढी रांग. डोळे दाखवायला गेले होते मी.

इम्पिंग येऊन गेली. तिने स्वतःहून सांगितलं, "पर्लिता नाही येत तर ओसांग मी करते. मला पाठ आहे तिचं सगळं, कमरेवर हात ठेवायची पद्धतसुद्धा." आणि करूनही दाखवलं, आमच्या स्वयंपाकघरात, झाडू घेऊन. मोयने नुसती मान हलवली. इम्पिंग भडकली.

"बोल ना तोंडाने! मेलेल्या माशासारखा टकामका काय बघतोस?"

मोयने पाटी घेतली, लुसची जुनी, आणि खडूने लिहिलं: तू फार प्रेमळ आहेस.

"हे काय वाईट आहे?" इम्पिंग म्हणाली.

मोयने लिहिलं: फार वाईट.

ती रागाने निघून गेली, पण आणलेल्या केळ्यांची फणी ठेवून गेली. तेच तर मोय म्हणत होता.

मानांग, रविवार पाच ऑक्टोबर. पुढचा-मागचा रविवार चालेल का असं तू विचारशील, तर नाही. त्यानंतर मोयला वेळ नाही. कसला वेळ नाही, ते आल्यावर बोलू.

सोबत तिकिटाचे पैसे. वरच्या मजल्याचं घे, खालच्या मजल्यावर तुला मळमळतं.

सिओनी


मारिकिना
९ सप्टेंबर

मानांग,

तुझी तार मिळाली. 'ज्याला माझी वाक्यं दिली त्यालाच बोलवा. पर्लिता.' तारेत शब्दाला पैसे पडतात, तरी नाव घालायची काय गरज होती? दुसरं कोण असलं बोलणार!

पैसेही परत पाठवलेस. बरं केलंस. आता मीही मोकळेपणाने लिहिते.

तुझं म्हणणं खरं आहे. मोयने तुझ्याशी वाईट केलं. मी त्याची बायको आहे, तरी लिहून देते. त्याने भाग लिहिला तेव्हा सगळं तुझंच होतं. कपितान हॉस्पिटलात, पडद्यावर नाहीच. कोंबडा गेलाय, तानोद सगळ्या वस्तीत चोर शोधतोय, आणि खिडकीत ओसांग, त्याची बायको. तिचं ते मोठं बोलणं वाचून दिग्दर्शक खुर्चीवरून घसरला होता हसून. मग बोबेटने ते वाचलं. तो म्हणाला, "मी नाही तर भाग नाही." मोयला तो भाग पडद्यावर हवाच होता. किती वर्षं शिट्टी फुंकून 'कोण आहे तिकडे?' एवढंच म्हणत होता बिचारा. त्याने कपितानला हॉस्पिटलातून उठवून आणलं आणि तुझ्या खिडकीत उभं केलं. तुझी वाक्यं त्याच्या तोंडी घातली. तुला सांगितलं नाही. सांगायला घाबरला.

आणि तू वाचनाच्या टेबलावर सगळ्यांसमोर पान उलटलंस, तर ओसांगच्या खाली दोनच शब्द उरले होते, 'हो, कपितान.'

तू चष्मा पर्समध्ये ठेवलास. म्हणालीस, "ओसांगची वाचा गेली वाटतं." आणि त्याच आठवड्यात बोटीत बसलीस. अकरा वर्षं झाली.

एवढं करून भाग झाला का? नाही. बोबेटने ते वाक्य टेबलावर म्हणून पाहिलं आणि कुणीही हसलं नाही. चहा देणारासुद्धा नाही. बायकोने नवऱ्याला म्हणायचं बोलणं कपितान कसं म्हणणार? बाड बंद झालं, आणि सहा महिन्यांनी मालिकाही.

आता माझं ऐक. तू म्हणतेस 'माझी वाक्यं'. ती तुझी नाहीत, मानांग. मोयचीही नाहीत. ती माझी आहेत. 'चोराला मी ओळखते. रोज येतो, जेवतो, झोपतो, आणि सकाळी काही सापडलं नाही म्हणून निघून जातो.' हे मी त्याला म्हटलं होतं, डाव हातात धरून, तो तीन दिवसांनी शूटिंगवरून आला तेव्हा. मी रडत म्हटलं होतं. तो खाली मान घालून जेवला, आणि मग दुसऱ्या खोलीत जाऊन लिहून ठेवलं त्याने. दर आठवड्याला ओसांगची वाक्यं तोच लिहून द्यायचा, आणि सगळी ओसांग अशीच लिहिलेली आहे. माझ्या भांडणांवर आमच्या घराचं छप्पर झालं, म्हणून मी कधी काही बोलले नाही.

मग मीच का वाचत नाही ओसांग, असं तुला वाटेल. वाचून पाहिलं. तार आली त्या दुपारी मोयने पाटीवर लिहिलं: तू वाच. मी पान हातात धरून वाचलं. इम्पिंग ऐकत होती, तिने डोळे पुसले. मोय जमिनीकडे बघत बसला. मी म्हटलं की ते नुसतं खरं होतं. असलंच काही तू म्हटलंस की सगळा स्टुडिओ हसायचा, मोयही हसायचा, आणि घरी येऊन माझ्या हातातलं भांडं घेऊन स्वतः घासायचा. माझ्या बोलण्याने त्याने एक भांडं कधी घासलं नाही.

तुझ्या तारेबद्दल मी त्याला विचारलं, "मग माग ना तिची माफी! एक ओळ लिही, मी पाकिटात घालते."

हे मात्र त्याने तोंडाने सांगितलं, घोगऱ्या आवाजात, थांबत थांबत. "माफी मागितली तर ती विरघळेल. येईल, माझ्या खांद्यावर हात ठेवेल. गोड ओसांगला घेऊन मी काय करू?"

"अरे, पण आली तरी पाहिजे ना!"

"येईल तर भांडायला येईल. नाहीतर नको."

तुम्ही दोघं नाटकी माणसं. मला तुमचं कळत नाही. मी सकाळच्या मिस्साला दोन मेणबत्त्या लावते, एक तुझ्या हट्टासाठी आणि एक त्याच्या.

सिओनी

(त्याने तोंडाने सांगितलं असं मी वर लिहिलंय. नोवेना मोडली असं समजू नकोस. संपत आली आहे.)


मारिकिना
१८ सप्टेंबर

मानांग पर्लिता,

नोवेना नव्हती. मातेच्या नावावर खोटं लिहिलं, फादरसमोर कबूल करून आले, आता तुझ्यासमोर करते.

मोयच्या घशात गाठ आहे. वाईटातली. सोमवारी सहा ऑक्टोबरला ऑपरेशन आहे. डॉक्टर बाई चांगली आहे, तरुण आहे, माझा हात धरून बोलली. माणूस वाचेल म्हणते. पण स्वरयंत्र काढावं लागेल. गळ्याला भोक ठेवतात, तिथून श्वास. आवाज येणार नाही. थोडा नाही, घोगरा नाही. येणारच नाही. म्हणून रविवार पाच तारीख.

त्याने मला शपथ घातली होती तुला न सांगण्याची. तुला येऊ द्यायचं नव्हतं असं नाही. तो म्हणाला, "तिला कळलं तर ती दयेने येईल, सिओनी. दया आली की वाक्य मरतं. ओसांगच्या डोळ्यांत पाणी दिसलं की लोक हसत नाहीत, आणि मला शेवटचं हसू हवंय. मला ऐकायचंय ते. मी तेवढाच आवाज वाचवून ठेवतोय." म्हणून पाटी. म्हणून मऊ भात. दिवसभर तो एक शब्द बोलत नाही, साठवून ठेवतोय, मी तांदूळ ठेवते तसा.

शपथ मी मोडली. मला काय करायचं होतं ते सांग. रोज तो फाटकाकडे बघतो आणि मी पोस्टमनकडे. पाचव्या तारखेला इम्पिंग कमरेवर हात ठेवून उभी राहील, प्रेमळपणे, आणि तो ऐकून घेईल, आणि दुसऱ्या दिवशी त्याला ढकलत घेऊन जातील. ते मला बघायचं नाही.

तेव्हा ये. पण मानांग, मातेची शपथ आहे, रागावून ये. तुला जेवढा राग आहे तेवढा सगळा आण, वाटेत बोटीवरून समुद्रात टाकू नकोस. फळं आणू नकोस. त्याच्या तब्येतीबद्दल विचारू नकोस. त्याला मिठी मारू नकोस. तुला कळलंय हे त्याला कळता कामा नये. कळलं तरी तू त्याला कळू दिलंस असं होता कामा नये. तू हे करू शकतेस. तुझं कामच ते होतं.

पैसे पुन्हा घालतेय. परत पाठवू नकोस. हिशेबात मी ते औषधांच्या सदराखाली लिहून टाकलेत, आता खोडता येत नाहीत.

तुझी,
सिओनी


मारिकिना
१६ नोव्हेंबर

मानांग,

बोटीतून सुखरूप पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. 'तब्येतीला जपा' असं लिहिलंयस. मोयने ते वाचलं आणि तोंड वाकडं केलं. त्याला दुसरं काहीतरी लिही.

तू म्हणशील, मी तिथेच होते, मला काय सांगतेस. पण तू स्वतःला पाहिलं नाहीस. मी पाहिलं, मी अंगणातच होते. इम्पिंगच्या सुनेला मी ते इतक्यांदा सांगितलंय की आता पाठ झालंय. तुला लिहून ठेवते, म्हणजे माझ्या डोक्यातून जाणार नाही.

शनिवार होता. आम्ही तुझी आशा सोडली होती. मी अंगणात बांगडे साफ करत होते आणि फाटकावर कुणीतरी लाथ मारली. लाथच, मानांग. कडी तुटली, ती अजून दुरुस्त करायची आहे.

"मोय दाकानाय! बाहेर ये! माझी वाक्यं घेऊन ये!"

मोय गंजीवर बाहेर आला. तुला बघून तो हसलाही नाही, रडलाही नाही. त्याने पायरीवर उभं राहून छाती पुढे काढली, शिट्टी फुंकायच्या आधी काढायचा तशी.

"कुठली वाक्यं? वापरून जुनी झालेली?" तो म्हणाला. महिन्याभरात त्याच्या तोंडून एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

"वापरली कुणी? त्या उकडलेल्या अळकुडीने, त्या बोबेटने? त्याच्या तोंडात घातलीस ती, तिथेच कुजली!"

समोरच्या घरची माणसं बाहेर आली. शेजारची म्हातारी खुर्ची घेऊनच आली, तिला वाटलं रविवारचा कार्यक्रम आज आहे. मग बाकीचेही आले. कुणीतरी पोरांना पुढे बसवलं. तू मात्र कुणाकडे बघितलं नाहीस.

मग तू त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलंस आणि म्हणालीस, "आणि हा आवाज कसला? कोंबडा गिळलास?"

वस्तीत एव्हाना सगळ्यांना त्याच्या घशाचं माहीत होतं ना. शेजारणीने क्रूस काढला कपाळावर. माझ्या हातातून सुरी पडली. मला वाटलं, मीच सांगितलं रागावून ये म्हणून, पण हे जास्त झालं, देवा, हे फार झालं. मोयकडे बघवेना.

आणि मोय म्हणाला, "कोंबडाच आहे. तू बोटीतून उतरताना त्याने पाहिलं, भीतीने माझ्या घशात शिरला. आता तू जाईपर्यंत निघत नाही."

सगळं अंगण हसून फुटलं. म्हातारी तर खुर्चीवरून कलंडली. आणि मला त्याच्या डोळ्यांत दिसलं, मानांग. त्याला कळलं की तुला माहीत आहे, आणि तरी तू दया केली नाहीस. इतकं सुख मी त्याच्या तोंडावर लुसच्या बाप्तिस्म्यानंतर पाहिलं नव्हतं.

तू कमरेवर हात ठेवलेस. इम्पिंगला ते कधीच जमलं नाही, तिचे अंगठे पुढे येतात, तुझे मागे जातात. तू लोकांकडे वळलीस. "चोर शोधतोय हा! चोराला मी ओळखते. रोज येतो, जेवतो, झोपतो, आणि सकाळी काही सापडलं नाही म्हणून निघून जातो!"

माझं बोलणं. माझं रडणं. आणि माणसं पोट धरून हसत होती, आणि मीही. मला माहीत नव्हतं ते इतकं विनोदी आहे.

बाडात त्यानंतर फक्त 'तानोद गप्प' असं आहे. मी ते पान शंभरदा पाहिलंय. मोय गप्प राहिला नाही. तो हसू थांबेपर्यंत थांबला आणि मग, तुझ्याकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाला, "चोरायलाच येतो ग. पण ह्या घरात नेण्यासारखी एकच वस्तू, आणि ती फार ओरडते."

त्यानंतर काय हसले लोक! आणि तू थांबलीस. तेच मला सांगायचंय. तुझं पुढचं वाक्य तोंडात तयार होतं, मला दिसत होतं. पण हसू चालू असताना बोलायचं नाही, ही तुमची सवय. तू कमरेवर हात ठेवून, भुवया चढवून, त्या हसण्याच्या मध्ये उभी राहिलीस. हसू थोडं कमी व्हायचं, मग कुणीतरी पुन्हा सुरू करायचं. इतका वेळ थांबावं लागलं तुला की तुझा खालचा ओठ थरथरायला लागला. लोकांना वाटलं, राग. तू झटकन वाकून पिशवी उचललीस, जणू तीच घ्यायची होती, आणि पिशवीनेच चेहरा पुसलास. वर आलीस तेव्हा पुन्हा ओसांग होतीस. "मला जेवायला कोण वाढणार, का इथेही कपितानची वाट बघायची?"

मोयने बघितलं नाही. मी बघितलं. त्याला मी अजून सांगितलेलं नाही.

रविवारी सगळे आले, इम्पिंगने पातेलंभर शेवयांची पान्सित केली, खुर्च्या आल्या, बाड टेबलावर ठेवलं. पण मोयने वाचवून ठेवलेलं सगळं शनिवारी फाटकातच खर्च करून टाकलं होतं. त्याने तोंड उघडलं तर हवा आली. इम्पिंग मला म्हणाली, "एवढी तालीम केली मी मासेवालीची!" पान उघडलंच नाही. तो भाग अजून कुणी केलेला नाही. लोकांनी पान्सित खाल्ली आणि शनिवारचंच बोलत बसले.

ऑपरेशनच्या दिवशी आतून नळ्या लावलेला बाहेर आणला तो, तेव्हा तू होतीस. आठवडाभर राहिलीस, त्याला एकदाही बरं वाटतंय का विचारलं नाहीस. ते उपकार मी विसरणार नाही.

आता घर फार शांत आहे. गळ्यापाशी त्याचा श्वास ऐकू येतो, शिट्टीसारखा, झोपेत जास्त. पहिले आठवडे माझं बोलणंच बंद झालं. एकटीने काय बोलायचं? पाटी होती, पण पाटीवर लिहून होईपर्यंत भांडण निवून जातं. लुसला फोनवर सांगितलं सगळं ठीक आहे. जपमाळेत मन नाही. घरातल्या घरात फेऱ्या मारते, एक वस्तू उचलते, दुसरीकडे ठेवते, पुन्हा जागेवर आणते.

मग परवा मी मुद्दाम तुझ्यासारखं केलं. मऊ भाताचं पातेलं बघितलं तर तळ दिसत होता. डॉक्टर बाईने थोडं थोडं खा म्हणून सांगितलेलं. मी कमरेवर हात ठेवले, अंगठे मागे, आणि म्हटलं, "ह्या घरात एवढा भात कोणी संपवला?"

आणि थांबले. तो बोलणार नाही हे माहीत होतं, तरी त्याच्या उत्तराला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ मी उभी राहिले. भुवया वर. तू उभी राहिलीस तशी.

मोयने माझ्याकडे पाहिलं. मग हळूच, सावाच्या चेहऱ्याने, ओठांचा चंबू पुढे काढला आणि कोपऱ्यात झोपलेल्या मांजराकडे दाखवलं.

मी हसले, मानांग. मांजर जागं झालं एवढ्याने.

सिओनी